नोरीनचं घर रेषेच्या पलीकडे

नोरीन ट्रेगेअर आमच्या टिलबी गावात सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवते आहे. साडेसहाला पहिलं पोर गाडीत घेते, सव्वाआठला सगळी शाळेच्या दारात उतरवते. मधल्या नव्वद किलोमीटरांत कुणाचं फाटक मोडलंय, कुणाची मेंढरं रस्त्यावर आली आहेत आणि कुणाचा नवरा रात्री घरी परतला नाही, हे तिला न विचारता कळतं. ती त्यातलं अवाक्षर काढत नाही. काढलं असतं तर निम्म्या गावाचे घटस्फोट झाले असते.

राजकारण्यांच्या बाबतीत मात्र तिची जीभ सुटते. उमेदवार इथलाच हवा, हा तिचा हेका, आणि तो मोजायला तिची स्वतःची मोजपट्टी. आमच्याकडे कचऱ्याची गाडी मंगळवारी येते. ज्याचा कचऱ्याचा डबा मंगळवारी पहाटे रस्त्याच्या कडेला दिसला तो इथे राहतो. नाही दिसला तर राहत नाही, मग त्याच्या कागदांवर काहीही लिहिलेलं असो.

वीस वर्षांपूर्वी पेंगिली आमचे आमदार होते. निवडणुकीच्या आधी गावच्या हॉलमध्ये सभा भरली, तेव्हा नोरीन उठून म्हणाली, "पेंगिलीसाहेब, एकच विचारते. तुमचा डबा कुठल्या वारी निघतो?"

"गुरुवारी," पेंगिली म्हणाले.

हॉल असा हसला की बाहेर बांधलेली कुत्री भुंकायला लागली. गुरुवारी डबे निघतात ते राजधानीत, ॲडलेडमध्ये. पेंगिली पडले. पुढे कळलं की त्यांच्या बायकोची मूत्रपिंडं गेली होती आणि आठवड्यातून तीनदा तिला शहरातल्या हॉस्पिटलात न्यावं लागायचं. ती गेल्यावर पेंगिली टिलबीत येऊन राहिले, एकटेच. तोवर डब्याचा प्रश्न आमची रीत होऊन बसला होता. दर निवडणुकीत कुणीतरी तो विचारतोच आणि सगळे खूश होतात. मीही खूश व्हायचो, उगाच खोटं कशाला सांगू.

मी इथला बेकरीवाला. या गोष्टीत माझे हात पिठाशिवाय आणखीही कशाने तरी माखले आहेत, ते पुढे येईलच.

परवाच्या निवडणुकीच्या दीड वर्ष आधी आमच्या हॉस्पिटलने तातडीचा विभाग दुपारी चारला बंद करायला सुरुवात केली. एके दिवशी साडेचारला नोरीनच्या बसमध्ये एका मुलीला मधमाशी चावली आणि तिचा घसा सुजला. नोरीनने बस हॉस्पिटलच्या दारात घातली. दाराला कुलूप, कुलपावर पाटी. भरलेली बस तशीच चाळीस किलोमीटर पुढच्या गावापर्यंत पळवली तिने. मुलगी वाचली. त्या रात्री नोरीनने नवऱ्याला सांगितलं, "क्लाइव्ह, मी उभी राहते." क्लाइव्ह म्हणाला, "मग बस कोण चालवणार?" एवढाच त्याचा विरोध.

तिने अपक्ष म्हणून उमेदवारी जाहीर केली आणि सहा महिन्यांनी नवा नकाशा आला. आमच्या राज्यात मतदारसंघांच्या रेषा पुन्हा पुन्हा आखतात. या वेळची रेषा मिल रोडच्या बरोब्बर मधून गेली. पश्चिमेचा टिलबी आमच्या मतदारसंघात, पूर्वेचा भाग शेजारच्या एअरली मतदारसंघात. नोरीनचं घर पूर्वेला. पस्तीस वर्षं त्याच घरात, आणि एका सकाळी बाई परक्या मतदारसंघाची. कायद्याने तिला उभं राहता येत होतं. पण अर्जावर इथल्या मतदारांच्या सह्या लागतात, आणि क्लाइव्हची सही चालेना, कारण तोही पलीकडचा.

त्याच महिन्यात एका मोठ्या पक्षाने ज्युलियन प्रॉथेरो नावाचा वकील पाठवला. जन्म ॲडलेडचा, घर ॲडलेडला, पोरं ॲडलेडच्या शाळेत. त्याने माझ्या बेकरीमागची खोली भाड्याने घेतली. खोली वर्षभर रिकामी होती, मी दिली. कागदोपत्री प्रॉथेरो आता टिलबीचा रहिवासी, आणि नोरीन बाहेरची.

मी तिला म्हणालो, "तूपण घे की एखादी खोली गावात. सहा महिन्यांचा प्रश्न."

"आणि झोपायचं कुठे?"

"घरीच झोप. कोण बघायला येतंय?"

"मीच बघायला जायचे ना रे, वीस वर्षं," ती म्हणाली. "मला कोण फसवणार?"

"बरं, मग तुझा डबा तरी आहे. मिल रोडला कचऱ्याची गाडी फक्त पश्चिमेच्या कडेने येते. तुमचे सगळ्यांचे डबे रस्ता ओलांडून इकडेच लागतात. म्हणजे तुझा डबा आपल्या मतदारसंघात राहतो. सभेत सांग तसं, टाळ्या पडतील."

मला हे फार हुशारीचं वाटलं होतं. तिने पाव उचलला, पैसे ठेवले आणि म्हणाली, "डब्याला उभं करूया मग."

प्रॉथेरोचा डबाही दर मंगळवारी बाहेर असायचा. सोमवारी संध्याकाळी तो शहरातून यायचा, डबा ओढत कडेला न्यायचा आणि सकाळी माझ्याकडून कॉफी घेऊन परत जायचा. वागायला सभ्य माणूस. फक्त डबा रिकामा असायचा. मला ठाऊक होतं, कारण तो माझ्या डब्याशेजारीच उभा असायचा. एका मंगळवारी नोरीनने बस थांबवली, खाली उतरली आणि एका बोटाने तो डबा हलवून पाहिला. मग माझ्याकडे बघितलं. मी पाव मोजायला लागलो.

सभा फेब्रुवारीच्या शेवटी होती. हॉल गच्च, पंखे गरम हवा ढवळत होते. टपाल कार्यालयातल्या बाईंनी रीतीप्रमाणे हात वर केला. "दोघांनाही विचारते. डबा कुठल्या वारी?"

"मंगळवारी," प्रॉथेरो हसून म्हणाला. "अगदी न चुकता." टाळ्या पडल्या.

नोरीन उठली. आता ही त्या डब्याचं पोट सगळ्यांसमोर उघडणार, असं मला वाटलं. एका वाक्याचं काम होतं. प्रॉथेरो तिथेच संपला असता, आणि घरमालक म्हणून मीही.

"माझाही मंगळवारीच," ती म्हणाली. "पण माझी खाट रेषेच्या पलीकडे आहे, आणि ती मी हलवणार नाही. तुम्हाला ते चालत नसेल तर मला मत देऊ नका. ही मोजपट्टी माझीच. मी ती इथेच उभी राहून पेंगिलीसाहेबांना लावली होती. ते बायकोला जगवत होते आणि मी त्यांचा कचरा मोजत होते. मी चुकले. वीस वर्षं मला ते कळत होतं आणि मी बोलले नाही. साहेब, मला माफ करा."

मागच्या रांगेतून पेंगिली काठीवर भार देऊन उभे राहिले. मला वाटलं, म्हातारा निघून जाणार.

"उशीर केलास, नोरीन," ते म्हणाले. "माफ केलं. आता हॉस्पिटलचं बोल. चारनंतर डॉक्टर कुठून आणणार? पैसा कुठला? मला नीट सांग, मी हे आकडे आठ वर्षं पाहिलेत."

आणि नोरीनने सांगितलं. पुढच्या गावाचे दोन डॉक्टर, आपला एक, आळीपाळीने संध्याकाळच्या पाळ्या. कुठल्या दिवशी कोण, सगळं तिने बसच्या वेळापत्रकासारखं आखून आणलं होतं. पेंगिलींनी तीन ठिकाणी तिला अडवलं. दोनदा ती निभावली, तिसऱ्यांदा म्हणाली, "हे मला माहीत नाही, शोधून सांगते." मग प्रॉथेरोलाही त्यांनी तेच विचारलं. तो म्हणाला, पक्ष समिती नेमेल. त्या हॉलमध्ये मी चाळीस वर्षं सभा ऐकतोय. हॉस्पिटलवर सलग तासभर कुणी बोलल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, "रिकाम्या डब्याचं का नाही बोललीस?"

"बोलले असते तर सगळे पुन्हा डब्यावरच हसत बसले असते," ती म्हणाली. "आणि तूही लाजला असतास. लाजायला तर हवंच होतंस."

मतदानाच्या शनिवारी हॉलबाहेर नेहमीप्रमाणे सॉसेज भाजत होते, आत रांग होती. नोरीनला स्वतःला मत देता येणार नव्हतं. बाहेरच्या मतदारांचं टेबल कोपऱ्यात होतं; तिथे तिला एअरलीची मतपत्रिका मिळाली, वर पाच नावं, तिच्या ओळखीचं एकही नाही. पेन्सिल हातात घेऊन ती आडोशामागे बराच वेळ थांबली. बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "एवढा वेळ? पाच तर नावं."

"त्यातलं कोण कुठे राहतं, मला काहीच माहीत नाही," ती म्हणाली. "म्हणून काल रात्री बसून पाचही जणांची पत्रकं वाचली. प्रत्येकजण काय करीन म्हणतो, ते. आत उभी राहून तेच ताडून पाहत होते. एकसष्ट वर्षांची झाले मी. मत असं द्यायचं असतं, हे आज कळलं."

मोजणी संपायला आठवडा लागला. टिलबीने तिला दोनशे अकरा मतांनी निवडून दिलं.