नर की मादी

नागपूर-उमरखेड बसमध्ये माझ्या शेजारी साठीचा एक माणूस बसला होता. मे महिन्याचं ऊन होतं. त्याच्या मांडीवर ओल्या दुपट्ट्यात गुंडाळलेली पाण्याची पिशवी होती आणि तिच्या तळाशी एक चपटा, ठिपक्यांचा लोच मासा चिकटून बसला होता. डोंगरातल्या थंड, वाहत्या ओढ्यात राहणारा हा मासा त्याने घरच्या काचपेटीसाठी घेतला होता. थोड्या थोड्या वेळाने तो पिशवी डोळ्यांपाशी नेई आणि दुकानदाराला शिव्या देई.

"मागच्या टायमाले मादी म्हणून नर देला त्यानं. वरून पाह्यलं का नराचे खांदे चौकोनी दिसतेत. मादी डोक्यापासून पंखापर्यंत गोल असते. पण हे पाणी हालूनच राह्यलं, काही दिसत नाही."

"घरी कोण कोण असतं, काका?" मी विचारलं.

"एक नर आहे," तो म्हणाला.

मी माणसांबद्दल विचारलं होतं.

आर्णीच्या अलीकडे टायर फुटलं. कुठे सावली नव्हती. त्याने माझ्या बाटलीतलं पाणी दुपट्ट्यावर ओतलं, पिशवीला वारा घातला, तरी आतलं पाणी तापतच गेलं. चाक बदलून होईपर्यंत मासा उलटा होऊन मेला होता.

त्याने पिशवीची गाठ सोडली, मासा तळहातावर घेतला आणि डोक्यापासून पंखापर्यंत हळूच बोट फिरवलं.

"मादीच होती," तो म्हणाला. "फुकट शिव्या देल्या मी त्या दुकानदाराले."

उमरखेड येईपर्यंत त्याने मूठ उघडली नाही.