डिस्पोजलच्या तीन खोळी

आईच्या गटाचा नियम साधा होता. सातपुड्यातल्या दोन दिवसांच्या वाटेवर जिला चालत यायचं आहे, तिने स्वतःच्या खोळीत उघड्यावर एक रात्र काढून दाखवायची. सकाळी खोळ आतून कोरडी असली पाहिजे. जिची ओली निघेल तिने जीपने यायचं आणि विश्रामगृहाच्या खोलीत झोपायचं. तपासणी रविवारी सकाळी, गटाच्या प्रमुख बाईंच्या गच्चीवर. या बाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी फक्त शिट्टी शाळेत परत केली, असं आई सांगते.

गटात आठ जणी होत्या, सगळ्या साठीच्या पुढच्या, रामदासपेठेतल्या एका बागेत रोज सकाळी चालणाऱ्या. आदल्या वर्षी त्यांनी तंबू नेले होते. एका तंबूत दोघी झोपल्या आणि घोरण्यावरून त्यांचं जे बोलणं बंद झालं ते संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत. म्हणून या वर्षी एकेकटीने झोपायची बिव्ही सॅक. ही म्हणजे पाणी आत न येऊ देणारी लांब पिशवी; माणूस स्लीपिंग बॅगेसकट तिच्यात शिरतो, तंबू लागत नाही. आईने मोबाइलवर चित्र पाहिलं आणि म्हणाली, "हे तं गादीची खोळ आहे वं. फक्त गादीच्या जागी मी." तेव्हापासून घरात तोच शब्द चालला.

आई चौसष्ट वर्षांची. गटातल्या एकीने बागेत, सर्वांसमोर, तिच्या गुडघ्यांकडे पाहून म्हटलं होतं की जीपमध्ये कोण बसणार ते ठरल्यासारखंच आहे. घरी येऊन आईने मला सांगितलं, "मले जीपमध्ये बसायचं नाही. तू पेपरात रोज लोकाइच्या चुका काढते ना, आता खोळीच्या काढ."

मी एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करते. दुसऱ्याने लिहिलेलं तपासणं हे माझं काम. खोळ तपासणं त्याहून फार वेगळं नसावं, असं मी धरून चालले.

लष्कराने काढून टाकलेल्या मालाला आमच्याकडे डिस्पोजलचा माल म्हणतात. लकडगंजात ताडपत्रीच्या दुकानांच्या रांगेत असं एक दुकान आहे. गच्चीवरची हिरवी जाळी आम्ही दर उन्हाळ्यात तिथूनच आणतो, त्यामुळे दुकानदार ओळखीचा. त्याने तीन खोळी काढून बाकावर टाकल्या. पहिली विलायती फौजेची, दुसरी अमेरिकन, तिसरी देशी. हे सगळं दुकानदाराच्या म्हणण्यानुसार. शिक्के पुसट होते.

"फौज का माल है, अम्मा. जवान सोते थे इसमें."

"जवान झोपले ते ठीक आहे. धुतला का नाही ते सांग."

"धुला हुआ है."

"कोणी धुतला?"

त्याने तिन्ही खोळी आठवडाभर वापरून पाहायला दिल्या. पसंत पडेल ती ठेवा, दोन परत आणा, असा व्यवहार. आईने घरी आल्यावर तिन्ही पुन्हा धुतल्या.

मग मोजमाप. आमच्याकडे रद्दी नेणाऱ्याकडून मी ताणकाटा मागून आणला. विलायती खोळ सर्वांत हलकी, एक किलोच्याही आत. तिला चेन नव्हती, तोंडाशी फक्त नाडी. अमेरिकन थोडी जड, पण बाजूने छातीपर्यंत चेन आणि चेनीवर झाकण. देशी खोळ दीड किलोची, जाड रबरी कापडाची. आत हात घातला की कोपरापर्यंत घाम येई.

पावसाची चाचणी घ्यायची होती आणि जानेवारीत पाऊस नव्हता. पण नागपुरात जानेवारीत प्रत्येक घरी एक कूलर जुनी चादर पांघरून बसलेला असतो. आम्ही आमचा उघडला, पंप आणि भोकांची नळी काढली, गच्चीवरच्या दोन खुर्च्यांमध्ये नळी बांधली आणि बादलीतलं पाणी प्रत्येक खोळीवर तासभर सोडलं. आत जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या काकूंनी बराच वेळ पाहून विचारलं, "काय करून राहिल्या वं मायलेकी?"

"कूलर धुऊन राहिलो," आई म्हणाली.

विलायती आणि अमेरिकन खोळीतली वर्तमानपत्रं कुरकुरीत निघाली. देशीच्या शिवणीतून पाणी झिरपलं होतं. ती बाद झाली.

त्या रात्री आई विलायती खोळीत गच्चीवर झोपली. सकाळी साडेसहाला मी वर गेले तर ती खुर्चीवर बसली होती आणि स्लीपिंग बॅग कठड्यावर वाळत होती. बॅगेचा वरचा भाग पिळण्याइतका ओला. दुसऱ्या रात्री अमेरिकन खोळ. सकाळी तोच प्रकार. पाऊस नाही, पंप बंद, तरी ओल.

आईने दुकान उघडायच्या वेळेला फोन लावला.

"गळकं सामान विकून राहिला का रे तू?"

"अम्मा, गळत नाही ते. फौज का..."

"फौजेचं नाव नको सांगू. फौज ओली झोपत होती का?"

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "लिहून टाक. दोन्ही गळतात."

मी लिहिलं नाही. कूलरच्या पंपाखाली खोळ कोरडी राहते आणि कोरड्या रात्री ओली होते, या दोन्ही गोष्टी एका पानावर छापता येत नाहीत. रविवार चार दिवसांवर होता. आई मात्र जीपविषयी बोलू लागली होती. जीपमध्ये पुढची जागा मिळाली तर मान आखडत नाही, असं ती भाजी निवडताना म्हणाली. हे तिचं हार मानणं होतं, आणि ते मला पंपाच्या निकालापेक्षा जास्त स्पष्ट दिसलं.

तिसऱ्या रात्री मी तिला अमेरिकन खोळीतच, पण गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडखाली झोपवलं, म्हणजे दवाची शंका नको. खोळीच्या आत, बॅगेच्या वर, पायांपासून डोक्यापर्यंत वर्तमानपत्राची चार पानं ठेवली. सकाळी पायांशी असलेलं पान जसंच्या तसं होतं. पोटावरचं किंचित नरम. छातीवरचं ओलसर. तोंडाशी असलेल्या पानाचा लगदा झाला होता आणि त्यावरचा मथळा बॅगेच्या कापडावर उलटा उमटला होता. मथळा मीच दिला होता.

पाणी वरून येत नव्हतं. आतून येत होतं.

"आई, तू तोंड आत घेऊन झोपते का?"

"मग काय बाहेर ठेवू?"

"रात्रभर आत?"

"चौसष्ट वर्षं झाली. तुझे बाबा तसेच झोपत. तू काय वेगळी झोपते? अलार्म वाजला की मले पहिले तुझी चादर ओढावी लागते, तेव्हा कुठं डोकं सापडते."

आमच्याकडे डोक्यावरून पांघरूण घेतलं नाही तर झोप सुरूच होत नाही. उन्हाळ्यात गच्चीवर डासांसाठी, हिवाळ्यात थंडीसाठी, उरलेल्या दिवसांत सवयीसाठी. सुती चादरीतून श्वास निघून जातो. फौजी खोळीतून अंगाची थोडी वाफ जाते, रात्रभराचा श्वास जात नाही. तो कापडाला लागून पाणी होतो. दोन्ही खोळी निर्दोष होत्या. दोष साक्षीदारात होता.

उपाय सोपा वाटला: तोंड बाहेर ठेवायचं. आईने शुक्रवारी दुपारी दिवाणावर तो करून पाहिला. तासभर डोळे मिटून पडली आणि उठली.

"जमत नाही वं. कोणीतरी पाहून राहिलं असं वाटते."

"दिवाणखान्यात मी एकटीच आहे."

"तूच पाहून राहिली ना."

शनिवारी सकाळी तिला दही आणायला जायचं होतं. तिने नेहमीप्रमाणे स्कूटीसाठी स्कार्फ बांधला. नागपुरात दुचाकी चालवणारी बाई डोकं, गाल, नाक सगळं सुती कापडात गुंडाळते आणि फक्त डोळे बाहेर ठेवते. आधी ते उन्हासाठी होतं, आता थंडीतही चालतं. आई आरशासमोर मागची गाठ आवळत होती. तिथेच थांबली. स्कूटीची किल्ली टेबलावर ठेवली, चपला काढल्या आणि गच्चीवर गेली.

दोन तासांनी मी वर गेले. ती अमेरिकन खोळीत होती. डोकं खोळीच्या बाहेर, पण चेहरा पूर्ण बांधलेला; स्कार्फ डोळ्यांवरही ओढून घेतला होता. घोरत होती. मी खोळीत हात घातला. आत उबदार आणि कोरडं होतं. त्या दिवशी दही आलं नाही.

खोळ कोणती, हा प्रश्न उरला होता. विलायती हलकी होती, पण आईला रात्री दोनदा उठावं लागतं, आणि नाडीच्या तोंडातून बाहेर यायला तिला शेंगेतल्या दाण्यासारखं सरकावं लागे. अमेरिकन खोळीची चेन तिने एका हाताने उघडली. तुलना तिथे संपली.

शनिवारी संध्याकाळी, प्रमुख बाईंच्या गच्चीवर झोपायला निघण्याआधी, तिने दुकानदाराला फोन केला. आरोप केला होता तेव्हापेक्षा आवाज बराच खाली होता. आमच्या धंद्यातही आरोप पहिल्या पानावर येतो आणि खुलासा आतल्या पानावर तळाशी.

"गळत नव्हतं बाबू. मी तोंड झाकून झोपत होती."

"मैं भी ढाक के ही सोता हूँ, अम्मा," तो म्हणाला. "सगळेच झोपतात."

रविवारी सहाच्या सुमारास मी प्रमुख बाईंच्या गच्चीवर पोचले. आठ खोळी रांगेत होत्या. बाई टॉर्च घेऊन एकेकीच्या खोळीत कोपरापर्यंत हात घालत होत्या आणि वहीत खूण करत होत्या. पहिली ओली. दुसरी ओली. गुडघ्यांकडे पाहणारी तिसरी होती, तीही ओली. चौथी कोरडी, पण थंडी सोसेना म्हणून पहाटेच खाली जाऊन सोफ्यावर झोपल्याचं तिनेच कबूल केलं. आईपाशी आल्यावर बाईंनी आधी टॉर्च तिच्या बांधलेल्या चेहऱ्यावर मारला.

"कुठं निघाल्या?"

"कुठं नाही बाई. झोपली होती."

बाईंनी हात आत घातला. बराच वेळ ठेवला. मग पायांपर्यंत नेला. बाहेर काढून चोळून पाहिला आणि वहीत आईच्या नावापुढे 'चालत' असं लिहिलं. उरलेल्या दोघीही ओल्या निघाल्या. आठवी खोळ बाईंची स्वतःची होती. तिच्यात त्यांनी हात घातला, काढला आणि वही मिटली.

"पुढच्या रविवारी सगळ्याइची पुन्हा तपासणी," त्या म्हणाल्या. "हिची सोडून."

मग त्यांनी खुर्ची ओढली, आईसमोर बसल्या आणि डोक्यावरची शाल काढून हातात दिली.

"दाखवा कसं बांधायचं ते."

बाकीच्या मागे गोळा झाल्या. आईने शालीचं टोक हनुवटीखालून घेतलं, नाकावरून फिरवलं आणि मागे गाठ दिली. बाईंचे फक्त डोळे उरले.

"आता श्वास कसा घ्यायचा?" आतून आवाज आला.

"तो जाते आपला. फक्त खोळीत नका सोडू, बाई," आई म्हणाली.