ताईची शनिवारची मंडळी

अनोळखी नंबर मी उचलत नाही. चुकून उचललाच, तर पलीकडच्याने दुसरं वाक्य सुरू करायच्या आत कापते. त्या शनिवारी संध्याकाळी फोन वाजला. "मावशी, मी केतकी. उषाताईंना बरं वाटत नाहीये, आम्ही त्यांना इथे हिंजवडीतच हॉस्पिटलमध्ये आणलंय." मी कापला. हल्ली चोर अशीच सुरुवात करतात. नावंगावं सगळी ठाऊक असतात मेल्यांना! पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा पोरीला रडू आवरेना. "मावशी, प्लीज ठेवू नका हो." मी म्हटलं, "जवळ आहेस ना तिच्या? मग सांग, अंगात काय आहे तिच्या?" म्हणाली, "निळा कुर्ता. आणि चष्म्याची दांडी मोडलीय, तिला पिवळं रबरबँड गुंडाळलंय." ते रबरबँड सकाळी मीच गुंडाळून दिलं होतं. सहकारनगरहून हिंजवडी म्हणजे काय जवळ आहे का? रिक्षा मिळाली, ट्रॅफिकही भरपूर मिळाला, आणि मी पोचेपर्यंत ताई गेली होती.

उषाताई माझी थोरली बहीण. आम्ही दोघीही लग्नाच्या भानगडीत पडलो नाही, एकाच फ्लॅटमध्ये राहिलो. मी शाळेत पर्यवेक्षिका होते आणि ती पियानो शिकवायची. मराठी घरात पियानो कसा, हा प्रश्न आम्हाला आयुष्यभर विचारला गेला. कॅम्पातला कुणाचा तरी बंगला रिकामा होत होता, तेव्हा आमचे वडील कपाट बघायला गेले आणि पियानो घेऊन आले, एवढंच त्याचं उत्तर. मग कॅम्पातल्याच एका पारशी बाईंकडे ताई शिकायला लागली. बाई कडक आणि ताई त्यांच्याहून कडक. समोर स्वरलिपीचा कागद, बाजूला टिकटिक करणारं यंत्र, आणि कागदावर जे आहे ते तसंच्या तसं. एक स्वर इकडचा तिकडे झाला की पुन्हा पहिल्यापासून. कार्यक्रमात मात्र कागद न ठेवता वाजवायची, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या त्या परदेशी रचना, सगळ्या पाठ. मी स्वयंपाकघरात असायची. तिथूनच ऐकलं मी तिला, जन्मभर. समोर जाऊन बसलं की तिला आवडायचं नाही.

माझं काम कॉप्या पकडण्याचं. वर्गात शिरल्या शिरल्या कोण लपवतंय हे मला मानेच्या वाकण्यावरून कळायचं, त्यामुळे ताई काहीतरी लपवतेय हे कळायला मला वेळ लागला नाही. तिच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता, शेवटी ती स्वतः वाजवणार होती. चांगली रंगात आली होती आणि एकदम थांबली. हात तसेच वर. मग उठून म्हणाली, "पेडल बिघडलंय, माफ करा." लोक पांगल्यावर मी जाऊन पेडल दाबून पाहिलं. उत्तम चालत होतं! घरी विचारलं, तर म्हणाली, "तुला काय कळतंय त्यातलं?" पुढे तिने एकेक विद्यार्थी दुसऱ्या बाईंकडे पाठवला आणि पियानोचं झाकण लावून टाकलं. वरून क्रोशाचा रुमाल. आणि मग, आता काय म्हणावं याला, ती हिंजवडीला जायला लागली.

ही केतकी तिच्या एका विद्यार्थ्याची आत्या. हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. भाच्याला घ्यायला यायची तेव्हा तिच्या पर्समध्ये पत्र्याची एक शिट्टी असायची, बासरीसारखी. त्यावर ती आयर्लंडची लोकगीतं वाजवते म्हणे. आयर्लंड! आपलं कोण आहे तिकडे? तिच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये शनिवारी चारपाच जण जमतात, तिथे एक कीबोर्ड आहे, ताईंनी यावं, असा तिचा आग्रह. आणि ही निघाली की! स्वारगेटला जाऊन बस पकडायची, गर्दीत उभी राहायची, पण जायची. मी विचारलं, "कुणासमोर वाजवतेस?" म्हणाली, "कुणासमोर नाही गं निमे. त्यांच्याबरोबर." माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. सत्तरीच्या बाईला कुणी उगाच बोलावत नाही. एक तर गंडेदोरे, नाहीतर साबण विकणारी साखळी, नाहीतर आमच्या पियानोवर डोळा. त्यात एक बेनी फर्नांडिस नावाचा विधुर गृहस्थ व्हायोलिन वाजवतो असं कळलं, म्हणजे आणखी एक शक्यता वाढली.

एका शनिवारी मी सरळ तिच्यामागून बसमध्ये चढले. ती खिडकीकडे तोंड करून बसली. क्लबहाउसमध्ये ही मंडळी गोल करून बसली होती, माझ्याकडे पाठ करून. ऐकायला आलेल्या माणसाकडे पाठ, काय पद्धत आहे! कुणासमोर कागद नाही. एकाने सुरू करायचं, बाकीच्यांनी त्याच्या बोटांकडे बघत बघत घुसायचं. सरळ सरळ कॉपी, तीही उघडपणे. आणि तीच चाल संपली की पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तीच. यांना पुढचं येत नाही की काय, असं मला वाटलं. आणि आमची ताई? जिने टाउन हॉल गाजवले, ती कोपऱ्यात बसून दोन-दोन, तीन-तीन स्वर एकत्र दाबत होती, तबल्यावर ठेका धरावा तसं. माझं रक्त उसळलं. तेवढ्यात ती थांबली. हात वर, अगदी त्या कार्यक्रमातल्यासारखे. मी खुर्चीतून अर्धी उठले, पण कुणी वळून पाहिलंसुद्धा नाही. बेनीने व्हायोलिन जरा मोठ्याने वाजवलं, चाल फिरून पहिल्या जागी आली, आणि ताई पुन्हा आत शिरली. हसत होती. तिला पियानोवर हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "मध्येच का थांबलीस?" 

"ऐकत होते."

"खोटं बोलतेस."

"बोलते," ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

ती गेल्यानंतर दहाएक दिवसांनी केतकी आणि बेनी घरी आले. दोघांच्याही हातात वाद्यं. मी मनात म्हटलं, आलं, पियानोचं बोलणं आलं. चहा ठेवला, पण साखळी लावलेल्या दारातून बोलावं तशीच बोलत होते मी. बेनी म्हणाला, "मॅडम, एक सांगायचं होतं. ताई पहिल्याच दिवशी आम्हाला बोलल्या, मी विसरते. वाजवता वाजवता सगळं पुसून जातं, पुढे काय ते कळत नाही. आम्ही म्हटलं, इथे सगळेच विसरतात, कोणाला ना कोणाला आठवत असतं. आपण थांबायचं, ऐकायचं, परत सापडलं की यायचं." केतकी म्हणाली, "त्या थांबल्या की आम्ही एक फेरी जास्त घ्यायचो. त्या आल्याशिवाय सोडायचो नाही."

मला राग आला. अजूनही आहे. मला का नाही सांगितलं? मी परकी होते का? हिंजवडीच्या चार अनोळखी माणसांना सांगितलं, आणि माझ्यापुढे पेडल बिघडलं! केतकी चाचरत म्हणाली, "मावशी, मी हे विचारलं होतं त्यांना. म्हणाल्या, निमाला सांगितलं तर ती उद्याच डॉक्टरकडे नेईल." नेलंच असतं! त्यात काय चुकलं असतं? पण मग ती पुढे म्हणाली, "आणि असंही म्हणाल्या की, माझ्या हातातून गेलं तरी काळजी नाही. निमाला सगळं पाठ आहे. तिला माहीत नाही, पण ती भाजी निवडताना माझे अख्खेच्या अख्खे तुकडे गुणगुणते, एक स्वर चुकत नाही."

मी गुणगुणते? मी म्हटलं, काहीतरीच. मी उठून आत गेले. ओट्याशी उभी राहिले, नळ सोडला... आणि ऐकलं स्वतःला. तिचा तो संथ तुकडा, कार्यक्रमात अर्धवट राहिलेला. माझ्या तोंडात तो होता. किती वर्षं होता कुणास ठाऊक. मग मात्र मला रडू फुटलं, नळ सोडूनच रडले.

बाहेर आले तर बेनीने व्हायोलिन पेटीतून काढून ठेवलेलं. म्हणाला, "मॅडम, परत एकदा गुणगुणाल? जरा हळू." मी म्हटलं, हे तुमच्या आयर्लंडचं नाही. तो म्हणाला, "चालेल. ताईंचं आहे ना?"

तेव्हापासून ही मंडळी शनिवारी आमच्याकडे येतात. मी झाकण उघडून ठेवते, रुमाल घडी करते. मी दोन ओळी गुणगुणायच्या, त्यांनी उचलायच्या. "चुकलं," मी म्हणते, "तिथे ताई एवढी घाई करत नसे. परत." बिचारे परत घेतात. तुकडा पुष्कळसा बसलाय आता. फक्त शेवटचा भाग मी त्यांना अजून दिलेला नाही, आठवत नाही म्हणून सांगते. तो मिळाला की ही माणसं यायची बंद होतील, असा मला दाट संशय आहे.