गिरणीतलं तूस

कुंडीत घालायला आणलेल्या भाताच्या तुसाचा वास आला आणि पनवेलची बंद पडलेली भातगिरणी आठवली.

नव्वदच्या आसपास मी आणि माझा मित्र सुधीर तिचे फोटो काढायला गेलो होतो. धुराडं फोटोत मावेना, म्हणून तो कॅमेरा डोळ्याला लावून मागे सरकत गेला आणि तुसात गळ्यापर्यंत बुडाला. खाली सात-आठ फुटांचा खड्डा होता.

"सुध्या!" मी ओरडलो.

"ओरडतोस काय? आधी कॅमेरा धर! भावोजींचा आहे, ताई जीव घेईल."

त्याचा खणखणीत आवाज ऐकून मी हसत खालीच बसलो. खड्डा रिकामा असता तर, हा विचार आज येतो. तेव्हा तो शिव्या देतोय, एवढंच मला पुरेसं होतं.