हौसाच्या करवंदीतला कोंबडा

आमच्या कासू गावच्या हौसाला थट्टेवाचून अन्न पचत नसे. पाव्हणा असो, तलाठी असो, कुणाला सोडायची नाही. तिनं गाव राखणाऱ्या देवाला, टेकडीवरच्या राखणदारालाही सोडलं नाही, त्याची ही गोष्ट.

गुडघे धरले तशी तिला टेकडी जड जाऊ लागली, आणि करवंदांवर तर जीव! दारातच जाळी हवी म्हणून काठी टेकत गेली आणि राखणदाराच्या टेकडीवरचं रोप घेऊन आली. तिथलं काही उचलायचं तर देवाशी बोलून उचलायचं, ही आमची रीत. बाई बोलली, "बाबा, रोप नेते. फळ धरलं की कोंबडा देईन." आता करवंद फोडल्यावर आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ लहानपणी तुम्ही खेळलाच असाल. हौसाच्या मनात तोच कोंबडा. राखणदाराच्या मनात कुठला, कोण जाणे!

चौथ्या वर्षी जाळी लगडली. हौसा फोडत बसली. कोंबडी, कोंबडी, कोंबडी. टोपली संपली, लाल एक नाही. त्याच दुपारी जाळीतून आरवणं ऐकू आलं. घरात कोंबडं नाही, शेजारी नाही. मीही ऐकायला गेलो होतो, जाणार नाही तर काय! आरवलं खरं, पण जाळीचं पान हललं नाही. पुढे आवाज ओटीवरून यायला लागला. मग चुलीमागून.

नवरा महिपती धाटावच्या कंपनीत रातपाळी करून दुपारी झोपायचा. त्यानं कोयता काढला.

"रोह्याहून कोंबडा आणतो, काप. नायतर जाळी तोडतो."

"मी बोलले ते करवंदाचं. जितं कोंबडं कापायची नाय."

"देव काय तुझा दीर हाय गो, मस्करी करायला?"

"उद्याचा दिस दे. गावला नाय तर तोड."

दुसऱ्या दुपारी आरवलं, तसा हौसानं जाळीत खांद्यापर्यंत हात घातला. बराच वेळ चाचपत राहिली. हात बाहेर आला तो मूठ घट्ट मिटून. फोडून पाहायचं नावच नाही. तशीच टेकडीवर गेली आणि रिकाम्या हातानं उतरली. आरवणं बंद झालं.

महिपतीनं कोयता आढ्याला खोचला. हळद लावायला तिचा हात पुढे ओढला, तर ओरखड्यांच्या तीन-तीन रेघा, सगळ्या एका मापाच्या.

"हे काट्यांचं नाय गो."

"नाय," हौसा म्हणाली. तोंडावर थट्टेचा मागमूस नव्हता. "लय फडफडला."