साफ म्हणण्याआधी

दाजींचं नाक हिवाळ्यात गेलं. म्हणजे चेहऱ्यावर ते होतं तिथेच होतं, चष्माही त्यावरच टेकत होता. पण ताप उतरला तो जाताना वास घेऊन गेला. आधी त्यांना वाटलं, सर्दी आहे, जाईल. सर्दी गेली. औषधाच्या दुकानातला माणूस म्हणाला, येईल हळूहळू. दाजींनी वाट पाहिली. साबण, चहा, बुटांचं पॉलिश, पंपाच्या खोलीतलं ग्रीस, सगळं हुंगून पाहिलं. सगळ्याचा वास एकच, थंड हवेचा.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही.

दाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. कचेऱ्यांच्या ज्या उंच इमारतीची ते देखभाल करत, तिथे फार पूर्वी त्यांचा मेहुणा काही महिने पहारेकरी होता. तो बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणायचा, त्याचं ऐकून लिफ्टवाला म्हणू लागला, मग सगळी इमारत. मेहुणा कंटाळून नोकरी सोडून गेला, दाजी मात्र मागे राहिले. लिफ्ट अडली, नळ गळला, दिवा गेला की दाजींना बोलवा. मोठमोठे साहेबही दाजी म्हणत, आणि आपण हे कुणाच्या तरी बहिणीच्या नवऱ्याला म्हणतोय हे कुणाच्या डोक्यातही येत नसे.

सगळ्यात जास्त बोलावणं यायचं ते वासासाठी. ‘दाजी, काहीतरी जळतंय बघा.’ दाजी यायचे, दारातच उभे राहायचे, डोळे मिटून एक श्वास घ्यायचे. ‘वायर नाही. खालच्या मजल्यावर कुणीतरी पाव भाजायला ठेवून विसरलंय.’ लोक खाली धावायचे तर खरंच पाव. ‘दाजींचं नाक म्हणजे मीटर आहे,’ असं एकदा कुणीतरी म्हणालं आणि ते त्यांना चिकटलं.

हिवाळ्यानंतर त्यांनी नवी रीत काढली. बोलावणं आलं की विचारायचं, ‘तुम्हाला कुठे जास्त येतोय?’ आणि बोलावणाऱ्यालाच पुढे घालून मागून चालायचं. प्रत्येक बोर्डाला हाताची उलटी बाजू लावून ऊब पाहायची. मग पुन्हा एकदा पाहायची. हिशेब खात्यातल्या बाई तर खूश झाल्या. ‘आता दाजी आपलं ऐकून तरी घेतात,’ म्हणाल्या. दाजी हसले. पण संध्याकाळी घराचा जिना चढताना ते मधल्या वळणावर थांबू लागले. काम पूर्वीएवढंच होतं. वास येत नाही हे झाकून नेण्याचं काम वाढलं होतं, आणि दमवत होतं ते हे दुसरं.

घरीही तेच. जेवण कसं झालंय असं बायकोने विचारलं की ते पहिला घास गिळायच्या आधीच ‘फर्स्टक्लास’ म्हणत. एकदा ती शेजारी गेली असताना दूध उतू जाऊन भांड्याला लागलं, जळलं, आणि ती परत आली तर दाजी स्वयंपाकघरातल्याच टेबलाशी पेपर वाचत बसलेले. तिने गॅस बंद केला. दाजींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘लागलं वाटतं थोडं.’ ती बराच वेळ भांडं घासत राहिली.

मोठ्या सुट्टीत तळ्याकाठी तंबू ठोकून राहायचं आणि ‘पेटी’वर जेवण करायचं, हे त्या घराचं ठरलेलं होतं. पेटी म्हणजे गॅसचा जुना बार्बेक्यू. मिटला की सूटकेससारखा दिसणारा, झाकणाला पोचा आलेला, एक मूठ जळून गेल्यावर तिथे लाटण्याचा तुकडा बसवलेला. दाजींचं लग्न झालं त्या सुमारास कुणीतरी घर बदलताना तो टाकून चाललं होतं, तो यांनी उचलून आणला. पहिल्याच वर्षी बायकोने तो पेटवायला लायटर लावला आणि पिवळा भपका उठला. तिचे कपाळावरचे केस करपले, एक भुवई अर्धी गेली. बर्नरच्या नळकांड्यात कोळ्याने घर केलं होतं. वाट अडल्यावर गॅस मागे फिरून भलतीकडूनच बाहेर आला होता. भुवई पुन्हा आली, पण पहिल्यासारखी नाही. तिथे अजून एक बारीक फट आहे.

तेव्हापासूनचा नियम. तंबू ठोकून झाला की दाजी सिलिंडर जोडणार, बर्नरच्या खुंट्या बंद ठेवून फक्त सिलिंडर उघडणार, एकेका सांध्यावर वाकून वास घेणार आणि म्हणणार, ‘साफ.’ मगच ती लायटर लावणार. लायटर दुसऱ्या कुणी धरायचा नाही. भुवई तिची गेली होती, तेव्हा पेटवायचा मानही तिचाच.

निघायच्या आदल्या दिवशी दाजींनी पेटी गॅलरीत काढली. जाळी तारेच्या ब्रशने घासली. बर्नरची भोकं सुईने एकेक करून मोकळी केली, नळकांड्यात लांब ब्रश फिरवला. यंदाही जाळं निघालं. कोळी बहुधा त्यांची वाट पाहूनच राहायला येत असे. रबरी नळी वाकवून कुठे भेग दिसते का पाहिलं. मग सगळं जोडून सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा आला नाही. घरी साबण, तळ्यावर नाक, अशी त्यांची दुहेरी तपासणी असे. यंदा दुसरी नव्हती.

‘बाबा, नवीन घेऊ या ना,’ लेक म्हणाली. ती तंबूच्या काठ्या न्यायला आली होती. ‘आता बटण दाबलं की पेटतात.’

‘त्यांना बटण आहे,’ आतून आई म्हणाली, ‘आपल्या पेटीला तुझे बाबा आहेत.’

लेक गेली. दाजी तिथेच बसून राहिले. बुडबुडा नव्हता हे त्यांनी पाहिलं होतं, पण नीट पाहिलं होतं का? त्यांनी रेग्युलेटरचा सांधा पुन्हा उघडला. आतला रबरी वायसर ओला होता, तो पुसताना बोटांतून निसटला आणि गॅलरीच्या कठड्याखालून खाली गेला. त्यांनी वायसरांची डबी आणली. दाजी कधीच काही टाकत नसत. काढलेला जुना वायसर ‘अडीनडीला’ म्हणून नव्यांतच ठेवत. ‘तुमच्या डबीत जिवंत आणि मेलेले एकत्र नांदतात,’ असं बायको म्हणायची. त्यांनी हाताला लागला तो बसवला, सांधा आवळला. पुन्हा साबण लावायला हवा होता. पण कंबर दुखत होती, साबणाचं पाणी ओतून टाकलं होतं, आणि तपासणी तर झालीच होती.

सकाळी दाढीचा ब्रश सापडेना. शोधशोध शोधला, आणि शेवटी तसेच निघाले.

तळ्यावर वारा होता. उन्हं कलायच्या आत तंबू उभा राहिला. लेकीने कणसं सोलली, मेहुण्याने कोंबडीला मसाला चोळून ठेवला आणि घडीच्या खुर्चीत पाय पसरले. हा मेहुणा तोच, पहारेकरीपण सोडून गेलेला. पुढे त्याने अनेक धंदे केले, पण तोंड चालवण्याचा कायम ठेवला.

‘चला, नाकसाहेब आले. बाजूला व्हा सगळे. ताई, लायटर घेऊन हजर राहा.’

‘तुझं तोंड बंद असलं तर त्यांना काम सुचेल,’ ताई म्हणाली आणि पेटीसमोर एक गुडघा टेकून बसली.

दाजींनी रेग्युलेटर जोडला. सिलिंडर उघडला. मग दरवर्षीसारखे वाकले, डोळे मिटले, श्वास घेतला.

काहीच नाही.

पूर्वी हे ‘काहीच नाही’ म्हणजे बातमी असायची. चांगली. आता ते नुसतंच काहीच नाही होतं. चहातही तेच होतं, पावसाळी बुटातही तेच. गळतीचा सू आवाज येतोय का म्हणून त्यांनी कान दिला, पण झाडं सळसळत होती आणि मेहुणा कुणाच्या तरी चोरीला गेलेल्या सायकलीची गोष्ट सांगत होता.

त्यांनी डोळे उघडले. बायको वाट पाहत होती. डावा कान त्यांच्याकडे, आणि तो कान शिवणकामाच्या कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटाने कधीच निकामी झालेला. म्हणून तर दाजी रस्त्याने चालताना नेहमी तिच्या उजव्या हाताला असत. सांधा सुसत असता तरी तिला ऐकू आला नसता. वारा तिच्या पाठीकडून, म्हणजे वासही तिच्यापर्यंत पोचणार नाही. तिला फक्त यांचा एक शब्द पोचणार होता. तो ऐकला की ती भुवईतली ती बारीक फट घेऊन पुढे वाकणार होती.

शब्द अगदी ओठांवर होता. तो म्हटला की संध्याकाळ दरवर्षीसारखी पुढे सरकणार होती. दाजींनी हात लांब करून सिलिंडर बंद केला.

‘साबणाचं पाणी पाहिजे,’ ते म्हणाले.

‘साबण?’ मेहुणा उठून बसला. ‘दाजी, तळं आहे समोर. सगळ्यांनाच अंघोळ घालताय का?’

‘काल घरी केलं होतं ना, बाबा?’

‘केलं होतं. पण मला वास येत नाही.’

‘गॅसचा येत नाही ना? मग चांगलंच आहे की!’ मेहुणा म्हणाला.

‘गॅसचाच नाही,’ दाजी म्हणाले. ‘कसलाच. हिवाळ्यापासून.’

मेहुण्याची सायकल जागच्या जागी राहिली. लेकीच्या हातात अर्धं सोललेलं कणीस होतं, ते ती तसंच धरून उभी राहिली. दाजी जमिनीकडे पाहत होते. मोठं ओझं उतरल्यासारखं वगैरे त्यांना काही वाटलं नाही. फक्त खाली बसावंसं वाटलं, आणि ते बसले.

बायकोने लायटर बाजूला ठेवला. पिशवीत हात घालून खोकल्याच्या औषधाची एक जुनी बाटली काढली. आत फेसाळ पाणी होतं. मग काढला दाढीचा ब्रश.

‘हा मी सकाळभर शोधत होतो,’ दाजी म्हणाले.

‘माहीत आहे.’

‘म्हणजे तुला...’

‘दूध लागलं त्या दिवसापासून.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘माझ्या डाव्या कानाबद्दल तुम्ही कधी बोललात?’

दाजींनी एकदा तिच्या डाव्या कानाकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, ‘आणि मी साफ म्हटलं असतं तर?’

‘तर लायटर लावला नसता. बाटली काढली असती, आणि मग तुमचं काही खरं नव्हतं.’

दाजींनी सिलिंडर पुन्हा उघडला. बायकोने ब्रशने सांध्यांना पाणी लावलं. पेटीकडचा सांधा नुसता ओला झाला. रेग्युलेटरच्या सांध्यावर मात्र एक बुडबुडा उगवला, त्याच्या शेजारी दुसरा, आणि बघता बघता तिथे मोहरीएवढ्या बुडबुड्यांचा घोस लागला. एक फुटला की त्याच जागी दुसरा. मेहुणा खुर्चीतून उठून आला, गुडघ्यावर बसून वाकला. त्याचा चेहरा बदलला.

‘येतोय, दाजी,’ तो म्हणाला. एवढंच.

सिलिंडर बंद केला, सांधा उघडला. दाजींनी वायसर तळहातावर घेतला. दगडासारखा टणक, आणि कडेला आडवी भेग. तो त्यांनी ओळखला. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यांनी स्वतःच काढून डबीत ठेवला होता.

‘पण तपासलं होतं ना?’ लेकीचा आवाज चढला.

‘तपासल्यावर परत उघडलं. खात्रीसाठी.’

‘मला आत्ताच्या आत्ता ती डबी द्या.’

दाजींनी खिशातून डबी काढून दिली. लेक मांडी घालून बसली आणि एकेका वायसरावर नख दाबून पाहू लागली. नख रुतलं तर इकडे, नाही रुतलं तर कचऱ्याच्या पिशवीत. दाजी प्रत्येकाला जाताना पाहत होते.

‘तो राहू दे. एखादवेळी...’

‘बाबा.’

‘बरं.’

डबीत शेवटी अगदी थोडे उरले. त्यातला मऊ वायसर बसवला, सांधा आवळला, पुन्हा ब्रश फिरवला. पाणी पसरलं आणि तसंच राहिलं. मेहुण्याने वाकून वास घेतला, मग त्याच्या ताईने बाजू बदलून, वाऱ्याखाली येऊन घेतला. दाजींनी मेहुण्याला हाताने गप्प राहायला सांगितलं आणि कान लावून बसले. झाडांतून वाऱ्याचा एक झोत सरला. सांध्यातून काही ऐकू आलं नाही.

त्यांनी बायकोकडे पाहून मान हलवली.

‘साफ,’ ती म्हणाली, आणि लायटर त्यांच्या हातात दिला.

इतक्या वर्षांत पेटी त्यांनी एकदाही पेटवली नव्हती. त्यांनी खुंटी फिरवली, हात लांब करून चाप ओढला. भप्प असा छोटा आवाज झाला आणि बर्नरवर निळ्या ज्योती ओळीने उभ्या राहिल्या.

कणसं भाजली, कोंबडी भाजली. सगळे म्हणाले काय वास सुटलाय, आणि म्हणून झाल्यावर लेकीने जीभ चावली. दाजी चिमट्याने तुकडे उलटत होते. रंग पाहून, चरबी किती जोरात चरचरते ते ऐकून. एक बाजू जरा जास्तच काळी झाली, पण त्याबद्दल मेहुणासुद्धा काही बोलला नाही. दाजींना ते बरं वाटलं नाही. ‘बोला, मेहुणेबुवा,’ ते म्हणाले, ‘एवढं गप्प राहिलात तर तब्येत बिघडेल.’

बायकोने आपली खुर्ची उचलून पेटीच्या दुसऱ्या बाजूला नेली आणि अशी ठेवली की दाजी तिच्या उजव्या हाताला येतील.

‘सुट्टी संपल्यावर कचेरीत सांगावं लागेल,’ दाजी म्हणाले.

‘सांगा.’

‘वासाला दुसरा माणूस बघतील.’

‘बघतील नाहीतर नाही बघणार. जिना तरी आता एका दमात चढाल. मधल्या वळणावर थांबता ते खिडकीतून दिसतं मला.’ तिने ताटली त्यांच्या मांडीवर ठेवली. ‘खा आधी.’

त्यांनी घास घेतला आणि सावकाश चावला. मेहुणा सवयीने विचारून गेला, ‘कसं झालंय, दाजी?’

दाजींनी घास गिळला. थोडा विचार केला.

‘गरम आहे,’ ते म्हणाले.