दोन्हीकडून एकच रक्त

"सिकल सेल आहे," डॉक्टर म्हणाले आणि काजलचा रिपोर्ट माझ्याकडे वळवला. माझी मुलगी एकोणीस वर्षांची. पुढे काय करायचं, एवढंच मी विचारलं. रडायला घरी वेळ होता.

सिकल म्हणजे विळा. रक्तातल्या लाल पेशी गोल, मऊ असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. अडकतात तिथे दुखतं. काजलचे पाय लहानपणापासून दुखत. आम्ही कधी थंडी म्हटलं, कधी रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. दुखणं छातीपर्यंत आलं तेव्हा दवाखान्यात भरती केलं.

सोबत सासू होती. ती माझी सख्खी आत्या. आमच्यात मामाची मुलगी करतात. मी अशीच या घरात आले, आणि लांजीच्या माझ्या दादाची सोनल माझ्या मुलासाठी, पंकजसाठी यायची होती. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं.

"आमच्या घराण्यात असं काही नाही," आत्या बाहेरच्या बाकावर म्हणाली. "हे तुह्या माहेरचं."

"माहं माहेर म्हणजे तुहंच माहेर नं, आत्या?"

ती म्हणाली, "मंग तुह्या मायकडून आलं असन."

मग माझी आणि नवऱ्याची इलेक्ट्रोफोरेसिस झाली. या तपासणीत रक्तातलं हिमोग्लोबिन कोणत्या प्रकारचं आहे ते कळतं. आम्ही दोघंही वाहक निघालो. म्हणजे जनुकांच्या जोडीतलं एक चांगलं, एक सिकलचं. वाहकाला सहसा त्रास नसतो. पण मूल आईकडून एक चिठ्ठी उचलतं, बापाकडून एक. दोन्ही सिकलच्या निघाल्या की आजार. चारात एक शक्यता.

"काजलवर आली, मंग आता बाकीचे मोकळे," आत्या म्हणाली.

डॉक्टर हसले. प्रत्येक मुलाच्या वेळी सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा डब्यात पडतात, म्हणाले.

मला एक कळेना. पूर्वी अशी मुलं लहानपणीच जायची. मग ही वस्तू आपोआप संपली का नाही? डॉक्टरांनी मलेरियाचं नाव घेतलं. ज्याच्याकडे सिकलची एकच चिठ्ठी असते, त्याला मलेरिया सहसा जिवावर येत नाही. या जंगलपट्टीत तापानं मुलं जायची, त्यात वाहक जास्त वाचायची आणि त्यांना मुलं व्हायची. असं पिढ्यान्पिढ्या चाललं, म्हणून सिकल टिकलं. बाकीचा भाग नशिबाचा. मोजकीच घरं एका ठिकाणी वसतात, त्यांच्यात कोणती चिठ्ठी किती आली हे योगायोगानं ठरतं. मग आपसातच लग्नं होतात आणि तेच फिरत राहतं.

"दोष किसी का नहीं है, माताजी," ते आत्याला म्हणाले.

आत्या पदराचं टोक चाळवत म्हणाली, "माह्या बापाचे सारे भाऊबहीण हुडहुडीच्या तापानं गेले. तो एकटा राह्यला. याच्यानंच वाचला का तो?"

एका माणसाचं सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. नुसतं नशीबही असेल. हजारो घरं पाहिली तरच फरक दिसतो.

पंकजचं रक्त तपासणीला दिलं. दादाला फोन केला तर तो भडकला. "रक्त पाहून लग्न करतेत का? लोक म्हणतीन पोरीत खोट आहे." सोनल मात्र काजलला भेटायच्या निमित्तानं बसनं आली आणि रक्त देऊन मोकळी झाली. रिपोर्ट यायच्या आधी काजलला पुन्हा कळा आल्या. सोनल गरम पाण्याची पिशवी धरून तिच्या पायाशी बसून होती. काजल उशी चावत होती.

पंकज आणि सोनल, दोघंही वाहक निघाले.

डॉक्टरांनी मनाई केली नाही. गरोदरपणात सुरुवातीलाच बाळाची तपासणी होते, आजार निघाला तर मूल ठेवायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं, म्हणाले. सोनल माझ्याशी बोलली, मी तिची आत्या. "आत्या, मी काजलले पाह्यलं. मले तसं ठरवत बसाचं नाही." साक्षगंध मोडलं. दादानं कित्येक महिने फोन उचलला नाही.

ज्यांच्या घरी हे आहे त्यांना सांगते. पाणी भरपूर प्या. दुखऱ्या जागी बर्फ लावू नका, थंडीनं कळा वाढतात. ताप आला की थेट दवाखाना. हायड्रॉक्सीयुरिया ही कळा कमी करणारी गोळी आहे, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी, मधूनमधून रक्त तपासावं लागतं. लोहाच्या गोळ्या मनानं देऊ नका. काजल आज कॉलेजला जाते, पाण्याची बाटली बरोबर असते. कळा येतात, पण कमी. सोनलचं लग्न तपासणी करून दुसरीकडे झालं, आणि दादाही आता बोलतो. वाकडी पेशी आमच्या घरात होती म्हणून आम्ही आहोत, असंही असेल. तिच्यावर मी राग धरत नाही.

मागच्या महिन्यात लालबर्ऱ्याला पंकजसाठी मुलगी पाहायला गेलो. पोह्यांच्या बश्या आल्या. आत्यानं बशी हातात धरूनच विचारलं, "पोरीचं सिकल पाह्यलं का?"

मुलीची आई चमकली. "पाह्यलं. काही नाही निघालं. तुमच्याकडे आहे का?"

अशा वेळी लोक विषय बदलतात. मी आत्याकडे पाहिलं.

"हौ, आहे नं," आत्या म्हणाली. "पोराले एक चिठ्ठी आहे. माह्या बापाकडची असन. तापातून वाचलेला माणूस होता तो." आणि तिनं पोहे खायला सुरुवात केली.